इंग्रजीच्या 20 अंतर्गत गुणांपैकी 5 गुण मुलांच्या स्वतःच्या लिखाणाला द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या इंग्रजी कुमारभारतीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत लेखनकौशल्याला 20 गुण आहेत. आकडा कमी नाही. पण कथालेखनाची तयारी म्हणजे गाइडमधल्या दहा-बारा कथा पाठ करणं, एवढाच अर्थ आता उरला आहे. सुरुवातीची ओळ कोणतीही आली तरी दोन वाक्यांत ती पाठ कथेकडे वळवायची आणि शेवटी तात्पर्य लिहून मोकळं व्हायचं. सोयाबीनच्या राशीवर खेळत वाढलेलं पोर परीक्षेत लाकूडतोड्याची गोष्ट लिहितं, कारण आपल्या खळ्यावरचं काही इंग्रजीत लिहिता येतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

कवितेचं तेच. रसग्रहणाच्या 5 गुणांत शीर्षक, कवीचं नाव, यमकरचना आणि अलंकार यांचे मिळून 3 गुण कविता न समजताही पदरात पडतात. उरलेल्या मध्यवर्ती कल्पनेसाठी गाइडमधली चार वाक्यं असतातच. म्हणून प्रत्येक उत्तर ‘कवी म्हणतो’ने सुरू होतं. कवितेत बोलणारा माणूस आणि कवी वेगळे असू शकतात, हे मुलांच्या लक्षात येत नाही. खरं तर पैठणच्या नाथांची भारुडं आपल्याच मातीतली. त्यांत कधी जोगी बोलतो, कधी वासुदेव. नाथ त्यांच्या तोंडून बोलतात. हे मुलांना ऐकून ठाऊक असतं. इंग्रजीच्या तासाला एक भारूड म्हणून दाखवलं आणि ‘इथे कोण बोलतंय?’ असं विचारलं, तर पुढच्या इंग्रजी कवितेत तोच प्रश्न मूल स्वतः विचारतं.

आमची मागणी एकच आहे. लेखी 80 गुणांना हात लावू नका. उरलेले 20 गुण शाळेच्या हातात आहेत. 2019 च्या मार्चमध्ये भाषांचे हे अंतर्गत गुण नव्हते, तेव्हा दहावीचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला आणि त्याच वर्षी ते परत द्यावे लागले. ते टिकले हे चांगलंच झालं. आता त्यांतले 5 गुण वर्गात बसून, मसुद्यांसह केलेल्या सर्जनशील लिखाणाला द्या आणि सुरुवात नववीपासून करा.

‘वर्गात बसून’ यावर आमचा जोर आहे. इंग्लंडमध्ये शालान्त परीक्षेच्या इंग्रजीत घरून लिहून आणायचं काम वर्षानुवर्षं होतं. त्यात घरच्यांची आणि इंटरनेटची मदत शिरली, म्हणून 2010 पासून ते शाळेत देखरेखीखाली लिहून घेऊ लागले आणि 2015 च्या नव्या अभ्यासक्रमात तेही काढून सगळं परीक्षेवर आणलं. केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने मात्र लेखनसंचाचा पर्याय ठेवला. त्यात 500 ते 800 शब्दांचे तीन लेख असतात आणि त्यांपैकी एकाचा पहिला मसुदाही जोडावा लागतो. आपल्या मुलांना 120 ते 150 शब्द पुरेत, पण मसुदा जोडण्याची अट जशीच्या तशी घ्यावी.

एका लिखाणाला 35 मिनिटांचे पाच तास लागतात. पहिल्या तासाला प्रत्येकाने एकच जागा निवडायची: आठवडी बाजार, कापसाचा काटा, एसटी स्टँड, टँकरभोवतीची रांग. तिथे दिसतं, ऐकू येतं, वास येतो अशा 15 गोष्टींची यादी करायची, तीही मराठीत. हा तास गाळला की लिखाण फसतं. मूल थेट इंग्रजीत विचार करू गेलं की त्याला फक्त ‘ब्यूटिफुल’ आणि ‘नाइस’ सुचतं. दुसऱ्या तासाला यादीतल्या पाच गोष्टी घेऊन पहिला मसुदा. बांध, ढेकूळ, कडबा यांना इंग्रजी शब्द सापडला नाही तर मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून पुढे जायचं. एका शब्दासाठी अडून बसण्यात अर्धा तास जातो. तिसऱ्या तासाला जोडीदाराला वाचून दाखवायचं आणि जिथे डोळ्यांसमोर काहीच येत नाही तिथे त्याने पेन्सिलने खूण करायची. चौथ्या तासाला दुसरा मसुदा, पाचव्याला पक्की प्रत.

दुसऱ्या मसुद्यात शिक्षकाने दोनच प्रकारच्या चुका दाखवाव्यात, काळ आणि आर्टिकल (a, an, the). सगळा कागद लाल केला की मूल पुढच्या वेळी चार वाक्यांवर थांबतं. याच दोन का, तर त्यांचं मूळ मराठीत आहे. आपण गोष्ट सांगताना ‘तो येतो, म्हणतो’वरून ‘मग तो गेला’वर सहज जातो आणि मराठीत आर्टिकल नाहीच. हे कारण फळ्यावर एकदा मांडलं की मुलं निम्म्या चुका स्वतः शोधतात.

गुण असे असावेत: पहिल्या मसुद्यापासून पक्क्या प्रतीपर्यंत झालेल्या बदलाला 2, स्वतः पाहिलेल्या किमान तीन तपशिलांना 1, काळ सांभाळल्याबद्दल 1 आणि ‘हे वाक्य का काढलंस?’ या मिनिटभराच्या तोंडी प्रश्नाला 1. नक्कल या शेवटच्या प्रश्नात उघडी पडते, मग ती गाइडची असो की मोबाइलवरच्या एआयची. उत्तर मराठीत दिलं तरी चालावं.

वेळेचा हिशेब मांडतो. 60 मुलांच्या तुकडीचे कागद मुलामागे चार मिनिटांनी चार तासांत तपासून होतात, तोंडी प्रश्नांना आणखी एक तास. तीन तुकड्या असलेल्या शिक्षकाला हे 15 तास होतात, म्हणून वर्षाला दोनच लिखाणं ठेवावीत. मुलामागे चार फुलस्केप कागद धरले तर 500 कागदांच्या एका रिमात दोन तुकड्यांचं एक लिखाण होतं. कागद शाळेच्या कपाटातच राहावेत, घरी जाऊ नयेत.

वेळापत्रक मात्र पुण्या-मुंबईकडे पाहून ठरवू नका. बीड, जालना, परभणी, धाराशिवमधली अनेक मुलं दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. दुसरं लिखाण डिसेंबर-जानेवारीत ठेवलं तर त्यांचे गुण तिथेच बुडतात. पहिलं जुलैअखेर आणि दुसरं सप्टेंबरअखेर पूर्ण झालं, तर ही मुलं निघण्याआधी दोन्ही कामं कपाटात असतील.

परिपत्रकाआधी प्रत्येक जिल्ह्याच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या. त्यात स्लाइड कमी असाव्यात. शिक्षकांनी स्वतः 150 शब्द लिहावेत, एकमेकांचे मसुदे तपासावेत आणि एकाच कागदाला सगळ्यांनी दिलेले गुण जुळवून पाहावेत. एकाने 2 आणि दुसऱ्याने 5 दिले असतील तर कशामुळे, यावर दुसरा अख्खा दिवस गेला तरी हरकत नाही. पडताळणीसाठी छत्रपती संभाजीनगर आणि लातूर विभागीय मंडळांनी प्रत्येक शाळेतून पाच मुलांचे सगळे मसुदे मागवावेत.

शाळा 15 जूनच्या सुमारास उघडतात आणि तासांचं वेळापत्रक त्याच आठवड्यात लागतं. परिपत्रक मे महिन्यात निघालं, तर दोन लिखाणांचे दहा तास त्यात बसवता येतील.

आपले,
मराठवाड्यातील माध्यमिक शाळांत इंग्रजी शिकवणारे शिक्षक