दादा, तू थांबलास म्हणून

प्रिय दादा,

तू बसवलेल्या आपल्या नाटकाचा प्रयोग होऊन आठ दिवस झाले, रोज तुला मेसेज टाईप करते आणि खोडते, कारण दोन ओळींत काही मावत नाहीये. म्हणून आज सगळ्यांसमोरच लिहितेय, म्हणजे दुसऱ्या एखाद्या ग्रुपमधल्या कुणी वाचलं तर त्यांनाही कळेल तू नेमकं काय काय केलंस.

मला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाही, व्हीलचेअर वापरते, आणि बोलताना शब्द ओढले जातात. डोक्यात वाक्य तयार असतं पण जीभ, ओठ, श्वास यांचा मेळ बसत नाही, आणि समोरचा घाई करायला लागला की अंग ताठ होतं आणि शब्द आणखीच अडकतो. त्यामुळे माझी निम्मी वाक्यं लोकच पूर्ण करतात. चांगल्या मनाने करतात, पण बऱ्याचदा चुकीची करतात.

पहिल्या वाचनालाही तेच झालं. शेजारणीच्या रोलमधलं माझं वाक्य होतं, "भिंत तुमची असेल, पण सावली माझ्या अंगणात पडते." मी 'भिंत'वरच अडकले आणि बाजूच्या दोघांनी पटकन पुढचं म्हणून टाकलं. तू हात वर केलास. "तिचं वाक्य ती बोलेल," एवढंच म्हणालास. मग खोलीत जी शांतता झाली ना, तेवढा वेळ कुणी माझ्यासाठी थांबलेलं मला आठवत नाही. नंतर तू घड्याळ लावून बघितलंस, आमचा प्रवेश ठरलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त जात होता. माझी वाक्यं कमी करा असं जवळजवळ सगळेच म्हणत होते, तू एकही कापलं नाहीस, उलट समोरच्या पात्राला त्या वेळात काम दिलंस, तो कपडे वाळत घालतो, चिमटा शोधतो, माझ्याकडे बघायचं टाळतो. भांडण अजून धारदार झालं त्याने! आणि त्या बाईच्या रोलमध्ये व्हीलचेअरचा एका शब्दाने उल्लेख नव्हता, हे माझ्यासाठी किती मोठं होतं ते तुला माहिती नसेल.

कारण याआधी एका ग्रुपमध्ये मी दोन वर्षं होते, तिथे मला रोल कधीच मिळाला नाही, पुष्पगुच्छ मिळाला. चौघांनी न विचारता खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवलं, फोटो काढले, परत खाली ठेवलं. खुर्चीला असा हात घातला की मला माझ्या अंगाला हात लावल्यासारखंच वाटतं. घरी येऊन खूप रडले होते.

तू पहिल्या दिवशी टेप घेऊन आलास. स्टेज दीड फूट उंच, रॅम्पचा हिशोब एक इंच उंचीला बारा इंच लांबी, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प, आणि तेवढी जागाच नाही. कुणीतरी म्हणालं फळी टाकू, आपण धरू तिला. तू म्हणालास मग नाटकच खाली आणू. आणि आणलंस, प्रेक्षक तीन बाजूंनी, आम्ही सगळे जमिनीवर, कुणालाच चढायला नको. बाथरूमचं दार किती रुंद आहे तेही तूच आधी जाऊन मोजून आलास. हे लिहायला संकोच वाटतोय पण लिहिते, कित्येक वर्षं मी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नव्हते, यावेळी प्यायले.

आपल्या न दिसणाऱ्या मैत्रिणीसाठी तू अख्खी संहिता रेकॉर्ड करून पाठवलीस, आणि पायाला समजावी म्हणून चटईखाली दोरी चिकटवलीस, दोरी लागली की तिला कळायचं जागा संपली. ऐकू न येणाऱ्या आपल्या ड्रमवाल्याला तू एव्हलिन ग्लेनीचा व्हिडिओ दाखवलास, त्या बारा वर्षांच्या होईपर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या होत्या आणि आज जगभर तालवाद्यं वाजवतात, कंपनं जाणवावीत म्हणून अनवाणी. दुसऱ्या दिवसापासून हाही चपला काढूनच बसायला लागला. आणि साइन लँग्वेजवाल्या ताईंना तू कोपऱ्यात उभं केलं नाहीस, आमच्या शेजारी, उजेडात उभं केलंस, म्हणजे बघणाऱ्याला हात आणि नाटक दोन्ही एकदम दिसेल.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार 2006 मधे मंजूर झाला, त्याचं कलम 30 मी मुद्दाम वाचलंय. आम्हाला आमची कला वाढवायची संधी मिळावी असं त्यात आहे, आणि ती फक्त आमच्या भल्यासाठी नाही तर समाज समृद्ध व्हावा म्हणूनसुद्धा, असं स्पष्ट लिहिलंय. तू ते वाचलंयस की नाही मला माहिती नाही. पण तू मला रोल दिलास तेव्हा "तुला बरं वाटेल" असं म्हणाला नाहीस, "मला या बाईसाठी तूच हवीयेस" म्हणालास.

प्रयोगात 'भिंत' परत अडकली. पहिल्या रांगेतल्या एक आजी पुढे वाकून बघत होत्या, कुणीही मधे बोललं नाही, आणि मी वाक्य पूर्ण केलं तेव्हा लोक हसले, त्या बाईच्या खवचटपणाला हसले! मला हेच हवं होतं रे दादा.

मनापासून थँक्यू. पुढच्या नाटकाच्या वाचनाला येतेय, पण तालमी सकाळी ठेवशील का, संध्याकाळी थकल्यावर बोलणं जास्त अडखळतं. आणि यावेळी वाक्यं जास्त दे.

तुझी,
भिंतीपलीकडची शेजारीण