पोरींचे मोबाइल तपासायच्या आधी एवढं ऐकून घ्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पुरुषा-पुरुषांच्या प्रेमाच्या जपानी कॉमिक्सवर, म्हणजे पोरी ज्याला बीएल मांगा म्हणतात त्याच्यावर लेख आला आणि तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत दुसरा विषयच नाही. सगळी पत्रं वाचली मी. बहुतेकांचा सूर एकच, पोरी बिघडायल्या. एका वाचकांनी तर लिहिलंय की लातूरच्या समद्या हॉस्टेलवाल्यांनी रात्री मुलींचे मोबाइल तपासावेत आणि असलं काही सापडलं की लगेच आईबापाला फोन लावावा. मी लातूरात मुलींचं हॉस्टेल आणि मेस चालवते, नीट-सीईटीच्या तयारीला नांदेड, बीड, परभणी, हिंगोलीकडच्या पोरी माझ्याकडं राहतात, त्यामुळं ते पत्र मलाच लिहिल्यासारखं आहे आणि त्याचं उत्तर पण मीच दिलं पाहिजे. मी मोबाइल तपासणार नाही.

आधी ते "पाश्चात्य खूळ" म्हणणाऱ्यांबद्दल. अहो, जपान पाश्चात्य कधीपासून झालं? ह्या गोष्टी तिकडं १९७० च्या दशकात सुरू झाल्या आणि सुरू केल्या त्या पंचविशीच्या आसपासच्या बायकांनी, मुलींच्या मासिक-साप्ताहिकांत. हागिओ मोतो यांची अशी गाजलेली मालिका १९७४ ची, ताकेमिया केइको यांची १९७६ ची, आणि ताकेमियाबाईंना तर ती छापून यायला कित्येक वर्षं थांबावं लागलं कारण संपादकच तयार नव्हते. मग १९७५ च्या डिसेंबरात टोकियोत कॉमिक मार्केट भरायला लागलं, हौशी लोकांनी स्वतः काढलेल्या, स्वतः छापलेल्या वह्या विकायचा बाजार, पहिल्या वेळी आले ७०० च्या आसपास लोक आणि त्यात शाळकरी पोरीच जास्त, आज तिथं लाखांनी गर्दी होते. आणि परक्यांनी लादलेलंच बघायचं असेल तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं आपलं जुनं ३७७ कलम बघा, ते इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं आणि दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांवरून ते हटवायला सुप्रीम कोर्टाला २०१८ चा सप्टेंबर उजाडला.

आता पोरी हे का वाचतात. एकाही पत्रलेखकानं एखाद्या पोरीला विचारलेलं दिसत नाही, मी विचारलं. रात्री जेवणं झाल्यावर मेसमधी भांडी आवरता आवरता दोघी-तिघी एका मोबाइलवर डोकं घालून बसल्या होत्या, म्हणलं काय वाचलालाव गं एवढं, तर आधी मोबाइल पालथा घातला आणि मग हळूहळू बोलायला लागल्या. एक म्हणली, मावशी ह्यात पोरगीच नसती, मग तिच्या रंगावरून, वजनावरून, ती किती वाजता घरी आली ह्याच्यावरून कुणी बोलायचा प्रश्नच येत नाही, निवांत वाचता येतं. दुसरी म्हणली, दोघं सारखे असतेत ना, कुणी कुणाच्या घरी नांदायला जायचं नसतं. ह्या सतरा वर्षाच्या पोरी आहेत, गावाकडं बारावी झाली की स्थळं बघायला सुरुवात होती हे त्यांना पक्कं माहीत आहे. प्रेमाची गोष्ट वाचताना जिला जरा वेळ सून व्हायची भीती बाजूला ठेवता येती, तिला बिघडली म्हणणारे आपण कोण? एकीची रूममेट इंग्रजीत कच्ची म्हणून तिनं बायोलॉजीच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं चौकटी आखून सगळे संवाद मराठीत उतरवून दिलेत, आमच्या मराठवाडी मराठीत, "मला तुझ्यासंगंच ऱ्हायचंय, कुणी कायबी म्हणू दे". ते पान मी बघितलंय, त्यात मला घाण काही दिसली नाही.

पण सगळंच चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. ह्या गोष्टींत उघडीनागडी चित्रं असलेल्या पण पुष्कळ असतात, त्या मोठ्यांसाठीच असतात, आणि जुन्या बऱ्याच गोष्टींत एकजण नको नको म्हणतोय आणि दुसरा जबरदस्ती करतोय आणि त्यालाच प्रेम म्हणायचं असा प्रकार आहे. हे मी पोरींना तोंडावर सांगते, बाळांनो नको म्हणजे नको, ते चित्रातल्या देखण्या माणसानं केलं तरी जबरदस्तीच. हे बोलावं लागतं, आणि ज्या पोरीचा मोबाइल मी हिसकावून घेईन ती माझ्याशी ह्याच्यावर कधी बोलंल का? जपानात सुद्धा हे बंदीचं करून झालंय. २००८ साली ओसाकाजवळच्या साकाई शहराच्या सरकारी लायब्ररीत तक्रार आली म्हणून ह्याच प्रकारची ५,५०० च्या आसपास पुस्तकं कपाटातून काढून आत ठेवली आणि अठरा वर्षांखालच्यांना द्यायची बंद केली. मग लोकांनीच आक्षेप घेतला, उएनो चिझुको सारख्या मोठ्या अभ्यासक बाई त्यात होत्या, आणि लायब्ररीला निर्णय मागं घ्यावा लागला.

आता जे मला खरं सांगायचंय ते. एवढी पत्रं आली, मुलींचं काय होणार, संस्कृतीचं काय होणार, आईबापाचं काय होणार, पण ज्यांच्या प्रेमाची ही गोष्ट आहे त्या पोरांचं काय, हे एकानंही लिहिलं नाही. विरोधवाल्यांनी नाही आणि बाजूनं लिहिणाऱ्यांनी पण नाही. जपानात हा प्रश्न १९९२ मध्येच विचारून झालाय. सातो मासाकी नावाच्या एका समलिंगी कार्यकर्त्यानं बायकांच्या एका छोट्या पत्रिकेत जाहीर पत्र लिहिलं, फार रागानं लिहिलं, की तुमच्या गोष्टीतले हे सुंदर पुरुष आणि आम्ही ह्यांचा काही संबंध नाही, तुम्ही स्वतःच्या करमणुकीसाठी आम्हाला वापरताय. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या बायकांपैकी काहींना ते लागलं, काहींनी उलट उत्तरं दिली की ह्या आमच्या कल्पनेतल्या गोष्टी आहेत, बायकांना स्वतःच्या इच्छेबद्दल मोकळं बोलायची तेवढीच एक जागा आहे, ती पण काढून घेणार का. काही वर्षं चाललं ते भांडण. मला दोघांचंही पटतं, आणि ते भांडण झालं हे फार चांगलं झालं असं मला वाटतं.

आमच्या मेसचा डबा न्यायला एक पोरगा येतो, शिकतो, पार्टटाइम काम पण करतो. पोरींची ही चर्चा त्याच्या कानावर गेली असणार. एक दिवस डबा हातात घेऊन तसाच थांबला आणि म्हणला, "मावशी, तुमच्या पोरी त्या गोष्टी वाचून रडतेत, पण क्लासमधी माझ्या चालण्याची नक्कल कुणी केली की त्या बी हसतेत." मी पोरींना सांगितलं, त्याचं नाव न घेता. एकजण चिडली, म्हणली आम्ही काय मुद्दाम हसतो का. बाकीच्या गप्प. दोन दिवसांनी ती चिडलेलीच किचनमधी येऊन विचारायला लागली, तो आपलाच डबेवाला पोरगा का म्हणून, आणि मी सांगितलं नाही, ते सांगायचा हक्क त्याचा आहे.

त्यानंतर मी स्वतः वाचायला घेतलं. योशिनागा फुमी बाईंची एक मालिका आहे, २००७ पासून पुरुषांच्या साप्ताहिकात चालू झालेली, एक वकील आणि एक केस कापणारा असे दोन मध्यमवयीन पुरुष एका घरात राहतात आणि वकील रोज रात्रीचा स्वयंपाक करतो. किराणा ठरलेल्या पैशात बसवतो, कुठं काय स्वस्त ते बघत फिरतो, एकदा तर कलिंगड दोघांना मोठं होतं म्हणून दुकानात भेटलेल्या अनोळखी बाईबरोबर अर्धं अर्धं वाटून घेतो आणि तिथून त्या घराशी त्याची ओळख वाढते. ऑफिसात मात्र घरी कोण असतं हे तो कुणाला कळू देत नाही. कलिंगड वाटून घेणारा माणूस ऑफिसात तोंड शिवून बसतो, हे वाचून मला त्या डबा नेणाऱ्या पोराची फार आठवण आली. तागामे गेंगोरो तर स्वतः समलिंगी आहेत, त्यांनी २०१४ ते २०१७ मध्ये सर्वसाधारण वाचकांच्या मासिकात एका बापाची आणि त्याच्या लहान मुलीची गोष्ट लिहिली, मेलेल्या भावाचा कॅनडातला नवरा त्यांच्या दारात येऊन उभा राहतो, लेकरू त्याला लगेच काका म्हणून मोकळं होतं आणि बापाला वेळ लागतो. ज्या पालकांना काळजी वाटते त्यांनी पोरींच्या आधी ही वाचावी. आपल्या मराठीत पण सचिन कुंडलकरांची "कोबाल्ट ब्लू" ही कादंबरी, भाऊ आणि बहीण एकाच पुरुषाच्या प्रेमात पडतात ती, २००६ पासून आहे, परदेशी कॉमिक्सवर पत्रं लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ती उघडलीय देव जाणे.

संपादक साहेब, दोन विनंत्या आहेत. मोबाइल तपासा म्हणणारी पत्रं छापू नका, आमच्याकडं पोरीचा मोबाइल उघडला की पुढं तिचं शिक्षण बंद होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुसरं, ह्याच पानावर नाव-गाव न छापता पत्र घ्यायची सोय असेल तर तसं ठळक छापा. लातूर, उदगीर, अंबाजोगाई, कळमनुरी, कुठल्याही गावातल्या पोरानं लिहिलं तर त्याचं पत्र माझ्या ह्या पत्राच्या आधी छापा, माझं नाही छापलं तरी चालंल.

आपली,
एक वाचक, लातूर