बटणांचे कुलूप आणि ‘बिघडलेली’ यंत्रे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चाकण, तळेगाव, वाघोली भागातल्या गोदामांत दिवाळीच्या तोंडावर नवी मुले कामावर घेतली जातात आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात मालमोजणीचा हँडहेल्ड संगणक येतो. मग ‘यंत्र भलतेच टाईप करते’ अशी तक्रार येते. दुरुस्तीच्या टेबलावर अशा यंत्रात बरेचदा काहीच बिघडलेले नसते. एक बटण लॉक होऊन राहिलेले असते, इतकेच.

छोट्या कीपॅडवर एकाच बटणावर आकडा, अक्षर आणि एखादी खूण असते. कोणते उमटायचे ते निळे, केशरी किंवा ‘अल्फा’ बटण ठरवते. पुष्कळ यंत्रांत निळे किंवा केशरी बटण एकदा दाबले की फक्त पुढच्या एका बटणापुरते लागू होते, दोनदा दाबले की लॉक होते आणि तिसऱ्यांदा दाबल्यावर सुटते. ‘अल्फा’ मात्र अनेक मॉडेलांत एकदाच दाबून लॉक होते. गोंधळ इथेच होतो. हातमोजा घालून निळे बटण चुकून दोनदा दाबले जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. अक्षरे लॉक असताना २२५३ भरभर दाबा, पडद्यावर ‘बीजेडी’ उमटेल, कारण २ वर ए-बी-सी (दोनदा भरभर दाबल्यास बी), ५ वर जे-के-एल आणि ३ वर डी-ई-एफ असते. निळे लॉक असेल तर काही कीपॅडवर आकड्यांऐवजी फंक्शन-की (एफ१, एफ२ अशी आदेशाची बटणे) जाते आणि पडदाच बदलतो.

टाईप करण्याआधी पडद्याच्या कडेची खूण पाहा. लॉक असल्यास ती तिथे दिसते. पासवर्डच्या चौकटीत नुसते तारे दिसतात, म्हणून आधी नावाच्या चौकटीत एक आकडा टाईप करून पाहावा आणि खोडावा. नाहीतर तोच चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा देऊन खातेच बंद पडते. ब्लूटूथ स्कॅनर कीबोर्ड म्हणून जोडलेला असेल, तर कॅप्स लॉकमुळे बारकोडमधली लहान-मोठी अक्षरे उलटी येऊ शकतात आणि बरोबर कोडही ‘सापडत नाही’ असे दिसते. शंका आली तर आधी यंत्रातल्या नोट्सच्या अ‍ॅपमध्ये साधी अक्षरे टाईप करून पाहा, स्कॅनरला दोष नंतर द्या.

यंत्र बंद-चालू केले की लॉक बहुधा सुटते, म्हणून तोच उपाय रूढ झाला आहे. पण त्यात न साठवलेली मोजणी जाते आणि तासाभराची मेहनत पुन्हा करावी लागते.

गोदामचालकांना कळकळीची विनंती आहे. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर, त्या मॉडेलचे लॉक कसे लावायचे आणि कसे सोडवायचे याची मराठीतली दोन ओळींची चिठ्ठी चिकटवावी. चुकीच्या नोंदीबद्दल मुलांचा पगार कापण्याआधी पडद्यावरची ती खूण एकदा तपासून घ्यावी.

– गोदाम संगणक देखभाल करणारे तंत्रज्ञ, पुणे