आधी अॅनिलॉक्स बघ

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस की फ्लेक्सो मशिनवर छापलेल्या पाऊचवरच्या चेहऱ्याच्या हलक्या छटा मळकट येतात आणि ऑपरेटर इंप्रेशन, म्हणजे पाऊचच्या फिल्मवरचा प्लेटचा दाब, वाढवत राहतो. त्याला थांबव. आपली प्लेट मऊ फोटोपॉलिमरची, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकची. दाब वाढला की छटा घडवणारा ठिपका, म्हणजे डॉट, पसरणार आणि कडेला शाई साचणार. फिल्मला प्लेटचा नुसता स्पर्श पुरतो.

दोष बहुधा आधीच्या टप्प्यावर, प्लेटला शाई देणाऱ्या अॅनिलॉक्स रोलरवर असेल. त्याच्या अंगावर शाई धरणारे सूक्ष्म खड्डे असतात, तेच सेल. हिशोब करून बघ: १५० लाइनच्या स्क्रीनमध्ये (इंचाला डॉटच्या १५० ओळी) १ टक्का जागा झाकणारा डॉट जेमतेम १९ मायक्रॉनचा. इंचाला ६०० सेल असलेल्या अॅनिलॉक्सच्या एका सेलचं तोंड ४० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे डॉट सेलच्या कडांवर टेकतच नाही, सरळ आत बुडतो आणि अंगभर शाई घेऊन येतो. बारीक सेलचा रोलर लाव, नाहीतर प्लेटची फाइल तयार करणाऱ्या प्रीप्रेसला सर्वांत लहान डॉट मोठा करायला सांग. बारीक सेल शाई कमी वाहतो, म्हणून गडद सॉलिड, म्हणजे पूर्ण भरलेला रंग, मशिनच्या वेगळ्या छपाई युनिटवर घेतलेलं बरं.

प्लेट कुठली मागवता, तेही विचार. साध्या डिजिटल प्लेटवर एक्स्पोजरच्या वेळी, म्हणजे यूव्ही प्रकाश टाकताना, हवेतला ऑक्सिजन पॉलिमरला वरून घट्ट होऊ देत नाही. डॉटचा माथा गोल राहतो, आणि असा डॉट जरा दाबला की लगेच रुंदावतो. वर फिल्म लॅमिनेट करून, नायट्रोजन सोडून किंवा तीव्र एलईडी यूव्ही वापरून ऑक्सिजन अडवला की माथा सपाट येतो. मग दाब थोडा इकडेतिकडे झाला तरी छटा बदलत नाही आणि लांब रनमध्येही छपाई टिकते. फ्लेक्सोनं ऑफसेट आणि ग्रॅव्ह्युअर या छपाईच्या दुसऱ्या पद्धतींच्या दर्जाच्या इतकं जवळ जाण्यात या सपाट माथ्याचा वाटा फार मोठा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

मला स्वतःला सॉलिडवरची सूक्ष्म नक्षी सगळ्यात आवडते. प्लेटच्या सपाट भागावर इतकी बारीक जाळी कोरतात की शाई एकसारखी बसते, पिनहोल, म्हणजे शाई न लागलेले बारीक ठिपके, जातात आणि रंग उलट अधिक भरीव दिसतो.

एक मात्र कुठलीही प्लेट सावरू शकत नाही: सेलमध्ये वाळलेली शाई. सिरॅमिक रोलर वरून चकाचक दिसतो, पण सेलचा तळ भरला की शाई कमी येते, रंग फिका पडतो आणि पुन्हा कोणीतरी इंप्रेशनचा नॉब फिरवतो.

उद्या मशिन थांबलं की त्या युनिटचा रोलर मायक्रोस्कोपखाली बघ. सेलचे फोटो मला पाठव.

तुझी आई