पहिला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेताना

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

गिटारसाठी व्हॉल्व्हचा (म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर चालणारा) अ‍ॅम्प घ्यायचे तू नक्की केले आहेस, त्यासाठी पगारातून बाजूला टाकलेले पंचवीस हजार रुपये हाताशी आहेत, आणि न्यूजर्सीचा मामा दिवाळीला येताना तिकडचा एखादा जुना अ‍ॅम्प घेऊन येतो म्हणाला आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. फोनवर यातले निम्मे राहून जाईल म्हणून सविस्तर लिहिते. मला गिटार वाजवता येत नाही. पण आकाशवाणीच्या सांगली केंद्रात प्रक्षेपकावर काम करताना माझी उमेदीची वर्षे व्हॉल्व्हच्या सहवासात गेली, आणि त्या खोक्याच्या आत काय चालते ते मला चांगले ठाऊक आहे.

मामाच्या अ‍ॅम्पचे आधी सांगते. त्याचे प्रेम मोठे आहे, पण तो अ‍ॅम्प आणू देऊ नकोस. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्ट उतरतात, हर्ट्झ मात्र तेच राहतात, आणि केवळ ६० हर्ट्झचा हिशेब धरून बेताच्या लोखंडात बनवलेला मेन्स ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. काही अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरला दोन्ही व्होल्टेजची वेटोळी असतात, तिथे आतली जोडणी बदलून काम भागते. परंतु अमेरिकेतल्या बाजारासाठी बनवलेल्या अनेक अ‍ॅम्पमध्ये ती सोय नसते. त्याहून मोठी अडचण अशी की बाजारात मिळणारे स्वस्त स्टेप-डाउन बहुधा दोन पिनांचे असतात, म्हणजे अ‍ॅम्पच्या तिसऱ्या पिनेचे अर्थिंग तिथेच तुटते. अर्थिंगविषयी पुढे लिहिणारच आहे. तेव्हा तू जो अ‍ॅम्प घेशील त्याच्या मागच्या पट्टीवर २२०, २३० किंवा २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असे छापलेले असले पाहिजे, ही माझी पहिली अट.

आता वॅटचे. दुकानदार आणि मित्र सगळेच तुला जास्त वॅटकडे ओढतील, आणि तुझे पैसे नेमके तिथेच वाया जातील. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर शक्ती सुमारे दहापट लागते, म्हणून ५० वॅटचा अ‍ॅम्प ५ वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा दहापट नव्हे, जेमतेम दुप्पट मोठा वाजतो. दुसरे असे की गिटारचा साधारण स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर ९५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. म्हणजे एका वॅटलाच तुझ्या खोलीत बोललेले ऐकू येणार नाही आणि ५ वॅटला तो आवाज १०२ डेसिबलवर जाईल. सदाशिव पेठेतल्या त्या जुन्या इमारतीत भिंतीपलीकडे वयस्कर जोडपे राहते, हे लक्षात घेतलेस तर १५ वॅट ही चैन ठरते. शिवाय ज्या आवाजासाठी तू व्हॉल्व्हच्या मागे लागला आहेस, तो आउटपुट व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला शक्ती पुरवणारा शेवटचा व्हॉल्व्ह, त्याच्या मर्यादेजवळ आला की निघतो. मोठा अ‍ॅम्प खोलीत सतत दबक्या आवाजात चालवला तर ती मर्यादा कधी येतच नाही, आणि तू पैसे मोजलेस ते ज्या भागासाठी, तो भाग झोपून राहतो.

म्हणून माझे मत एका आउटपुट व्हॉल्व्हच्या साध्या अ‍ॅम्पच्या बाजूने आहे. जुना फेंडर चॅम्प असाच होता: पुढे, गिटारचा बारीक आवाज वाढवायला, एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह, आउटपुटला एक ६व्ही६, वीज सरळ (एसीची डीसी) करायला एक ५वाय३, आठ इंची स्पीकर, आणि आवाजाचे एकच बटण, शक्ती सुमारे ५ वॅट. आजच्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये ६व्ही६ च्या जागी बहुधा ईएल८४ असतो. हा व्हॉल्व्ह आपल्याला परका नाही, तुझ्या आजोळच्या रेडिओत आउटपुटला तोच होता, आणि एके काळी बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स तो देशातच बनवत असे. वापरलेल्या अ‍ॅम्पच्या बाजारात बुगेरा व्ही५ दिसला तर जरूर पाहा. त्यात एक ईएल८४ आहे, आणि ५ वॅट, १ वॅट व ०.१ वॅट अशी शक्ती उतरवण्याची कळ आहे, जी तुझ्यासारख्या भाडेकरूला फार उपयोगाची. व्हॉक्स एसी४ हाही त्याच जातीचा, एका ईएल८४ चा. ब्लॅकस्टारचा एचटी-१ तर एकाच वॅटचा आहे आणि खोलीपुरता पुरेसा आहे. तुला पुढेमागे मित्रांबरोबर ड्रमच्या जोडीला वाजवायचेच असेल तर लेनी कब १२आर पाहा; त्यात दोन ईएल८४, १५ वॅट आणि बारा इंची स्पीकर आहे, पण एका वॅटच्या आतले वेगळे इनपुटही दिलेले आहे, म्हणून तो घरातही चालतो. फेंडर ब्लूज ज्युनियर तुझ्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. अ‍ॅम्प उत्तम आहे, पण तो १५ वॅटचा असून शक्ती उतरवण्याची सोय त्यात नाही, आणि या पैशांत मिळालाच तर दुरुस्तीला आलेला मिळेल.

एक सावधगिरी बाळग. पुढे एक १२एएक्स७ आणि मागे सगळे ट्रान्झिस्टर, अशा अ‍ॅम्पलाही विकणारे ट्यूब अ‍ॅम्प म्हणतात. ऑरेंजचा मायक्रो टेरर असा आहे. ते वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. पण त्यात आउटपुट व्हॉल्व्ह नाही आणि व्हॉल्व्हला स्पीकरशी जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचे पैसे त्यासाठी मोजू नयेत. मागून डोकावून व्हॉल्व्ह मोज आणि त्यांच्या काचेवरची अक्षरे वाच.

अ‍ॅम्प पाहायला जाशील तेव्हा स्वतःचे गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जा, आणि तासभर हाताशी ठेव, कारण काही दोष अ‍ॅम्प चांगला तापल्यावरच बाहेर येतात. गिटार न जोडता अ‍ॅम्प सुरू कर आणि आवाजाचे बटण शून्यावर ठेवून गुणगुण ऐक. ती कोणत्या स्वराची आहे हे तुला माझ्यापेक्षा चांगले ओळखता येईल. जाड सहाव्या तारेवर तिसऱ्या पट्टीवरचा जी साधारण ९८ हर्ट्झचा असतो. गुणगुण त्याच्याशी जवळजवळ जुळत असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे वीज सरळ केल्यानंतर ती गाळणाऱ्या कपॅसिटरकडून येणारी. एका आउटपुट व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ती थोडी असतेच, परंतु खोलीच्या दुसऱ्या टोकालाही जाणवत असेल तर कपॅसिटर सुकले आहेत असे समज. पंधरा-वीस वर्षांनी ते सुकतातच, आणि बदलणे अवघड वा फार खर्चाचे नाही, पण तेवढी रक्कम किमतीतून वजा करून माग. गुणगुण त्याहून एक सप्तक खाली असेल तर ती ५० हर्ट्झची. तिचे मूळ फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तंतूच्या) तारांत किंवा अर्थिंगच्या जोडणीत शोधावे लागते. मग प्रत्येक बटण हळूहळू फिरव. करकर आली तर बहुतेक वेळा आत धूळ असते आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने ती जाते. आवाज थोडा चढवून पेन्सिलीच्या मागच्या रबराने पुढच्या लहान व्हॉल्व्हवर अलगद टिचकी मार. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला आणि घुमत राहिला तर तो व्हॉल्व्ह बदलावा लागेल. आउटपुट व्हॉल्व्हकडे मात्र अंधार करून पाहा. आतले फिलामेंट नारिंगी दिसणे स्वाभाविक आहे. पण काचेच्या आतला, फिलामेंटभोवतीचा करडा पत्रा लाल होऊ लागला तर अ‍ॅम्प ताबडतोब बंद कर आणि तो सौदा सोडून दे.

एवढे झाल्यावर वाजव. आवाज नुकता फाटू लागेल इतपत अ‍ॅम्प चढव, आणि मग कशालाही हात न लावता एकच सुरावट आधी बोटांनी मऊ, मग प्लेक्ट्रमने (तारा छेडायच्या चकतीने) जोरात वाजवून पाहा. त्यानंतर गिटारवरचे व्हॉल्यूम अर्ध्यावर आण. मऊ वाजवताना स्वर स्वच्छ, जोरात वाजवताना खरखरीत, आणि गिटारचे व्हॉल्यूम उतरवले की पुन्हा स्वच्छ, असा फरक तुझ्या हाताबरोबर होत असेल तर तो अ‍ॅम्प घेण्यासारखा आहे. तसे होत नसेल तर नाव कितीही मोठे असो, माझा सल्ला नाही असाच राहील.

स्पीकरवर मात्र कंजूषी नको. एका वॅटवर ९४ डेसिबल देणाऱ्या स्पीकरच्या जागी १०० डेसिबल देणारा बसवला तर अ‍ॅम्पची शक्ती चौपट केल्यासारखे होते, आणि आठ इंचांवरून बारा इंचांवर गेले की खालच्या स्वरांना भरीवपणा येतो. म्हणून बाहेरचा स्पीकर जोडायची सोय असलेला लहान अ‍ॅम्प घे, आणि सहा महिन्यांनी पैसे साठले की गिटारचाच बारा इंची स्पीकर घेऊन ये. अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडचे खोके आपल्या गल्लीतला सुतार चांगले करून देईल. घरातल्या म्युझिक सिस्टिमचा स्पीकर त्याला लावू नकोस. गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचे फारसे वाजवतच नाही, म्हणून फाटलेला आवाज कानाला गोड लागतो. ट्वीटर (उंच स्वरांचा लहान स्पीकर) असलेल्या स्पीकरवर तोच आवाज कर्कश होतो. आठ ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप) लिहिलेल्या जागी आठ ओहमचाच स्पीकर जोड, आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प कधीही वाजवू नकोस. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला त्याने काही होत नाही. पण इथे आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतके व्होल्टेज चढते की त्याचे इन्सुलेशन फुटू शकते, आणि लहान अ‍ॅम्पमध्ये तो ट्रान्सफॉर्मर बदलण्याचा खर्च अ‍ॅम्पच्या किमतीला भिडतो.

आता अर्थिंग. हा परिच्छेद कृपा करून दोनदा वाच. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, म्हणून अ‍ॅम्पला अर्थिंग नसेल आणि आत कुठे फेज पत्र्याला लागली तर ती वीज तुझ्या बोटांपर्यंत येते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी येथे रंगमंचावरच, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मृत्यू पावला. तुझ्या खोलीत तीन पिनांचा सॉकेट आहे, पण जुन्या वायरिंगमध्ये तिसरे भोक पुष्कळदा नुसतेच असते, त्याच्या मागे तार नसते. अ‍ॅम्प आणण्याआधी वायरमनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावून पाहायला सांग. दिवा पूर्ण पेटला किंवा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला तर अर्थिंग आहे. मिणमिणला वा पेटलाच नाही तर घरमालकांशी बोल, आणि ते तयार नसतील तर त्या कामाचे पैसे मी देते. अ‍ॅम्प एक महिना उशिरा आला तरी चालेल.

आणि तो स्वतः उघडायचा नाही. छोट्या अ‍ॅम्पमध्येही अडीचशे ते साडेतीनशे व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. प्रक्षेपकाचे दार उघडल्यावर आम्ही आधी अर्थिंग रॉड लावून सगळ्या कपॅसिटरमधली साठलेली वीज उतरवत असू, त्यापूर्वी आत हात घालायला कोणालाच परवानगी नव्हती, मग तो कितीही अनुभवी असो. व्हॉल्व्ह बदलणे तेवढे तू करू शकशील: अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून, काच पूर्ण थंड झाल्यावर. बाकी काहीही असेल तर सांगलीला घेऊन ये. वर्षानुवर्षे बंद पडलेला अ‍ॅम्प स्वस्तात मिळाला तर तोही आधी इकडे आण. शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून मी तो सुरू करीन. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहील आणि ट्रान्सफॉर्मर वाचेल. लागणारे कपॅसिटर आणि रेझिस्टन्स तुला बुधवार पेठेत मिळतील, तिथे नाही मिळाले तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नक्की.

पैशांची विभागणी अशी कर. अ‍ॅम्पला वीस हजारांच्या वर जाऊ नकोस, आणि उरलेले पाच हजार अर्थिंग, कपॅसिटर आणि एखादा व्हॉल्व्ह यांसाठी हात न लावता ठेव. वापरलेला अ‍ॅम्प घेणारे शेवटचा रुपया किमतीत घालतात, आणि मग तीनशे रुपयांच्या कपॅसिटरसाठी तो महिनोन्महिने कोपऱ्यात पडून राहतो.

मामाला अगदीच नाही म्हणायला नको. आज व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, आणि तिकडच्या दुकानांत सहज मिळतात. व्हॉल्व्हला देशाच्या विजेशी काही देणेघेणे नसते, कारण त्याला लागणारे ६.३ व्होल्ट अ‍ॅम्पचाच ट्रान्सफॉर्मर देतो. वजनही काही ग्रॅमचेच. म्हणून तुझा अ‍ॅम्प ठरला की मामाला एक ईएल८४ आणि एक १२एएक्स७ आणायला सांग, ते कपड्यांच्या मध्ये गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवायला सांग. तो तिकिटाचे नक्की करतो आहे, तेव्हा येत्या रविवारी त्याला फोन कर, आणि कोणताही अ‍ॅम्प पसंत पडला तर पैसे देण्याआधी मागच्या पट्टीचा आणि व्हॉल्व्हचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई