गहाणाचा खेळ टीव्हीवर, गहाणाची लाज घरात

महोदय,

लास वेगासमधल्या एका गहाणाच्या दुकानावरचा 'पॉन स्टार्स' हा कार्यक्रम २००९ साली सुरू झाला आणि आपल्याकडेही आवडीने पाहिला गेला. त्यात कोणी जुनी तलवार आणतो, जाणकार येऊन किंमत सांगतो, मग घासाघीस. पण तिथे येणारे बहुतेक लोक वस्तू विकायलाच आलेले असतात. गहाण म्हणजे वस्तू परत मिळवायच्या आशेवर घेतलेलं कर्ज, आणि ते त्यात फारसं दिसतच नाही.

आमच्या हर्णै-दाभोळ पट्ट्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मग बोटीची डागडुजी, जाळी, डिझेल, आणि पाठोपाठ गणपती. अशा वेळी बायकोच्या पाटल्या सराफाकडे जातात, तेही दिवेलागणीनंतर, कोणी पाहू नये म्हणून. यात लाजण्यासारखं काय आहे? कष्टाचं सोनं अडचणीला उपयोगी पडलं, इतकंच.

सगळेच सावकार रक्तपिपासू नसतात, हेही मला ठामपणे म्हणायचं आहे. मात्र महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना लागतो आणि गहाण वस्तूची पावती द्यावी लागते. चिठोऱ्यावर वजन लिहून देणारे आजही आहेत, आणि संकोचापोटी कोणी तक्रार करत नाही. आपल्या दैनिकाने परवानाधारक सावकारांची तालुकावार यादी आणि व्याजाचे ठरलेले दर मे महिन्यातच छापावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, हर्णै (ता. दापोली)