हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. हँडब्रेक दहा-बारा दात (खटके) वर ओढला तरी उतारावर गाडी सरकते, म्हणून केबल आवळणार आहेस, असं तू लिहिलंस. इतक्यात पाना लावू नकोस. लायनर, म्हणजे ब्रेकच्या शूवरचं घासणारं अस्तर, झिजले म्हणून केबल ताणली, की ड्रममधला (मागच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्यातला) लिव्हर अर्धवट ओढलेलाच राहतो, शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी) मूळ जागी येत नाहीत आणि ब्रेक घासत राहून ड्रम तापतो. वर पेडल छान लागतं, त्यामुळे काम फत्ते झाल्यासारखं वाटतं!

आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लाव, मागची बाजू उचलून स्टँडवर घे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. हँडब्रेक पूर्ण सोड, केबलचा नट ढिला कर. मग बॅकप्लेटवरचा (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावरचा) अ‍ॅडजस्टर, म्हणजे शू ड्रमजवळ आणणारा स्क्रू, चाक जाम होईपर्यंत आवळ, पेडल दोनदा दाबून शू मध्यावर बसू दे, पुन्हा आवळ आणि चाक मोकळं फिरेपर्यंत एक-दोन टिचक्या मागे घे. हे दोन्ही चाकांना. आता कुठे केबल: तिसऱ्या दातावर दोन्ही चाकं सारखी जड लागावीत, पाचव्या-सहाव्यावर हातानं हलू नयेत. सोडल्यावर दोन्ही मोकळी. नेमका आकडा तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघ.

एकच चाक धरत असेल तर चाकाकडचं केबलचं टोक सोडवून तिथला लिव्हर हातानं हलव. तो सहज जाऊन परत आला तर दोष केबलचा किंवा मधल्या समतोल साधणाऱ्या लिव्हरचा. त्याची खीळ गंजली की सगळा ओढ एकाच चाकाला जातो. जुन्या मिनीत (छोटी ब्रिटिश गाडी) मागच्या आर्मवरचे केबल वळवणारे तुकडे असेच जाम होतात. ते सोडवून, घासून, ग्रीस लावून बसव. आवरणात गंजलेली केबल मात्र तेल पाजून चार दिवस चालेल, ती बदलच.

लिव्हरच अडत असेल तर ड्रम काढ. काही गाड्यांत व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबानं शू ढकलणारा) बॅकप्लेटच्या खाचेत मोकळा सरकायला हवा. तो गंजून बसला, की हँडब्रेक एकाच शूवर येतो. लायनर ओला असेल तर वास घे: गिअर ऑइल असेल तर अ‍ॅक्सलचं सील गेलंय, ब्रेक ऑइल असेल तर सिलिंडर. गळती आधी थांबव, मग शू दोन्ही चाकांचे बदल. तेल प्यायलेला लायनर पॉलिश पेपरनं घासून सुधारत नाही. आतली धूळ हवेनं उडवू नकोस, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. मास्क लावून ब्रेक क्लीनरनं भिजवून पूस.

दांडा ओढल्यावर आपोआप सुटत असेल तर खटक्याचा दात झिजलाय. तिथे अ‍ॅडजस्टमेंट नाही, सुटा भाग नवा घालायचा.

ड्रम उघडलास की दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, स्प्रिंगा काढायच्या आधी.

तुझा मित्र